समजतं, पण बोलता येत नाही

"काका, इंग्लिश स्पीकिंगचा चांगला क्लास कोणता?"

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि दारात आमच्याच इमारतीतला, तळमजल्यावर राहणारा मुलगा उभा होता. तो नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शिक्षणाचा भाग म्हणून एका रुग्णालयात पाळ्या करतो. परीक्षा तोंडावर आलेली असताना याला मध्येच क्लासचं काय सुचलं, असं मला वाटलं. त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं ते असं.

त्या दिवशी सकाळी वॉर्डात डॉक्टरांची फेरी होती. मुख्य डॉक्टर दक्षिणेकडचे, नुकतेच पुण्यात आलेले. त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत. एका आजीबाईंच्या सलाईन लावलेल्या हाताला सूज येऊ लागली होती. सुई शिरेतून निसटली की असं होतं. या मुलाला सूज दिसत होती, तिचं कारण माहीत होतं, काय करायचं हेही पाठ होतं. पण ते इंग्रजीत कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव होईपर्यंत मंडळी पुढच्या खाटेपाशी पोचली. मग यानं धावत जाऊन सिस्टरना मराठीत सांगितलं. सुई काढली गेली. आजीबाईंना काही अपाय झाला नाही.

"पण काका, ती पाच मिनिटं मी नुसता उभा होतो. मला समजतं हो सगळं. पण बोलता येत नाही."

हे शेवटचं वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत, किती हॉस्टेलांत, मुलाखतीहून परतणाऱ्या किती एस.टी. गाड्यांत बोललं गेलं असेल! मी तर ते माझ्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. म्हणून त्या रात्री मी त्याला क्लासचं नाव सांगितलं नाही. १९८८ सालची एक हकीकत सांगितली. तोवर ती मी घरातही कुणाला सांगितली नव्हती.

मी मूळचा मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातला. मराठी शाळा, मग सोलापुरात डिप्लोमा आणि १९८४ साली पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी. खाली मशीनवर सगळा कारभार मराठीत. तिथं मी वाघ. पण महिन्यातून दोनदा वरच्या मजल्यावर बैठक व्हायची, ती इंग्रजीत, कारण आमचे वरिष्ठ चार प्रांतांतून आलेले. तिथं मी खुर्चीच्या टोकावर बसून मान हलवायचो. 'येस सर' आणि 'नो सर' एवढ्या भांडवलावर मी चार वर्षं काढली.

१९८८ च्या उन्हाळ्यात आमची एक मोठी बॅच नापास झाली. पाडलेली भोकं जागेवरून सरकली होती. बैठकीत ठपका आला तो मशीनवरच्या दोन मुलांवर. निष्काळजीपणा, असं ठरलं. दोघंही सात महिन्यांच्या करारावरचे टेंपररी. मला खरं कारण माहीत होतं. ज्या फिक्श्चरमध्ये माल बसवायचा त्याची लोकेटिंग पिन झिजली होती. आदल्याच दिवशी मी ती हात लावून पाहिली होती. मुलांनी डोळ्यांत तेल घालून काम केलं असतं तरी भोक सरकलंच असतं. हे सांगायला इंग्रजीची दोन वाक्यं पुरली असती. मी जुळवू लागलो. 'वॉर्न' म्हणायचं की 'वोअर'? 'हॅज बीन' की 'हॅड बीन'? तोवर विषय बदलला. संध्याकाळी त्या दोघांची नावं हजेरीपटावरून गेली. एक लातूरकडचा होता, एक जुन्नरचा. जाताना दोघंही मला "येतो साहेब" म्हणून गेले.

त्या रात्री झोप लागली नाही. मी नापास मुलगा नव्हतो. मला इंग्रजीत बरे मार्क असत. इंग्रजी पत्र मी बिनचूक लिहीत असे. मग ऐन वेळी तोंडाला कुलूप कशानं लागलं?

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून शिकवू लागले. सहा वर्षं शाळेत आणि पुढं तीन वर्षं डिप्लोमात, म्हणजे नऊ वर्षं इंग्रजी माझ्या डोळ्यांसमोर होतं. डोळ्यांसमोर, हेच तर दुखणं! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या आजोबांची पिढी पोसली आणि आमच्या मास्तरांनीही तीच रीत पुढं चालवली. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, वहीत उतरवायचं आणि तांबड्या शाईची वाट पाहायची. रीत वाईट नव्हती. तिच्यामुळं वाचता-लिहिता आलं. पण नऊ वर्षांत मी स्वतःचं म्हणून एक इंग्रजी वाक्य मोठ्यानं बोललो असेन तर शपथ. नंतर कपिल देवची जाहिरात पाहून मी 'रॅपिडेक्स'ही विकत घेतलं होतं. पुस्तकात मोठ्यानं म्हणायची वाक्यं भरपूर होती. मी पठ्ठ्यानं ते कादंबरीसारखं मनातल्या मनात वाचून संपवलं.

आणि याउलट जे जे मला आजही झोपेतून उठवलं तरी येतं, ते सगळं तोंडानं शिकलेलं. पाढे, परवचा, रामरक्षा, हरिपाठ. आमच्या गावच्या भजनात वीणेकरी चरण म्हणायचा आणि टाळकरी त्याच्या मागोमाग तोच उचलायचे. नवखं पोर पहिल्या दिवशी नुसते ओठ हलवायचं. आठ दिवसांनी चरणाचा शेवटचा शब्द पकडायचं. महिनाभरात अख्खा अभंग त्याच्या तोंडात बसायचा. त्याला कुणी आधी छंद समजावला नाही आणि चुकला म्हणून कुणी टाळही काढून घेतले नाहीत. अभंग जसा शिकलो तसं इंग्रजी कधी शिकलोच नव्हतो.

हे त्या रात्री लख्ख उमगलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हा इतकंच ठरवलं की, आता जे काय करायचं ते मोठ्यानं करायचं.

पुढच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला ट्रान्झिस्टर घेतला. चिंचवडला आम्ही चौघं एका खोलीत राहत होतो. पहाटे शॉर्टवेव्हवर काटा फिरवला की खरखरीतून 'व्हॉइस ऑफ अमेरिका' लागायचं. त्यांचा 'स्पेशल इंग्लिश' नावाचा कार्यक्रम १९५९ सालापासून चालू होता. सुमारे दीड हजार शब्दांत बसवलेल्या बातम्या आणि लेख, आखूड वाक्यं आणि नेहमीच्या बोलण्याच्या दोन-तृतीयांश वेग. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच तो होता. आयुष्यात पहिल्यांदा मला इंग्रजी बोलणाऱ्याच्या मागं धावावं लागलं नाही. चालत चालत गाठता आलं.

खरी शाळा मात्र आपल्या आकाशवाणीची. रात्री पावणेनऊला हिंदी बातम्या आणि नऊला इंग्रजी. बातम्या बहुतेक त्याच. पाव तासापूर्वी हिंदीतून ऐकलेली बातमी इंग्रजीतून आली की न कळलेल्या शब्दाचा अर्थ शब्दकोश न उघडता कळायचा. क्रिकेटचं धावतं वर्णनही तसंच. सामना एकच, चेंडू तोच. थोडा वेळ इंग्रजी समालोचक, थोडा वेळ हिंदी. सुरेश सरैयांचा आवाज चढला की गावसकर गेल्यानंतरच्या त्या संघातलं कोण बाद झालं असेल हे शब्दांआधी समजायचं आणि मग शब्द आपोआप जागेवर बसायचे. आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट परक्या भाषेत ऐकणं, हा भाषा कानात उतरवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, असं माझं अनुभवांती मत आहे.

पण नुसतं ऐकून तोंड उघडत नाही. इथंच बहुतेकांची गाडी अडते. इंग्रजी सिनेमे पाहून पाहून मुलं म्हणतात, "आता सगळं समजतं." समजतं, यात शंका नाही. कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याची पद्धत आहे. मेरिल स्वेन नावाच्या विदुषींनी त्या मुलांचा अभ्यास केला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजत होतं ते जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं. बोलणं मात्र अडखळतच राहिलं. १९८५ साली स्वेन यांनी मांडलं ते असं की, स्वतः वाक्य तयार करायची वेळ आल्याखेरीज आपल्याला काय येत नाही हेच माणसाला कळत नाही. ऐकताना अर्धा शब्द निसटला तरी अंदाजानं भागतं. बोलताना अंदाजानं भागत नाही.

मला त्या वेळी स्वेनबाई ठाऊक नव्हत्या. मी आपली भजनाची युक्ती वापरली. नऊच्या बातम्या लागल्या की निवेदकाच्या मागं एक-दोन शब्दांचं अंतर ठेवून, तो बोलेल तसंच, हळू आवाजात बोलत जायचं. थांबायचं नाही, अर्थाकडं फार पाहायचं नाही, सुटलं ते सोडून पुढचं पकडायचं. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हा प्रकार असतो आणि इंग्रजीत त्याला 'शॅडोइंग' म्हणतात, हे पुढं कळलं. आमच्या खोलीतली मंडळी त्याला 'नऊची आरती' म्हणायची. पहिल्या आठवड्यात 'धिस इज ऑल इंडिया रेडिओ' एवढंच जमलं. दोन महिन्यांत निम्मी वाक्यं बरोबरीनं जाऊ लागली. जिभेला वळण लागतं म्हणतात ते हेच. ती शेवटी मांसाचीच. तिलाही तालीम लागते.

एका मित्राकडं टू-इन-वन होता. त्यावर एकदा माझं वाचन टेप केलं. ऐकलं आणि लाजेनं मान खाली गेली. आपला आवाज आपल्याला एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. टेपमधला आवाज परक्याचा वाटतो. पण ती लाज ओसरल्यावर फायद्याची गोष्ट सापडली. मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरं साधारण सारख्याच जोरानं म्हणतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर असतो आणि बाकीचे गिळल्यासारखे होतात. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर' म्हणताना तो 'टॉ'वर सरकतो आणि 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर जातो. मी दिवसातून शंभरदा 'कंपोनंट' म्हणायचो आणि जोर द्यायचो पहिल्या 'कं'वर. तो हवा 'पो'वर. 'डेव्हलपमेंट'मध्ये तो 'डे'वर नसतो, 'व्हे'वर असतो. तसंच बंडीलाही आपण 'वेस्ट' म्हणतो आणि पश्चिमेलाही 'वेस्ट'. इंग्रजाच्या तोंडी पहिल्या 'व'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि दुसऱ्याला ओठांचा नुसता चंबू होतो. आपल्या लिपीत दोन्हींना अक्षर एकच, म्हणून कानालाही फरक जाणवत नाही.

याचा अर्थ विलायती ढंगात बोलावं असा मुळीच नाही. मराठी माणसाचं इंग्रजी मराठी वळणाचं असणार आणि असावं. पण शब्दावरचा जोर चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. समोरचा "पार्डन?" म्हणतो आणि आपण व्याकरण चुकलं समजून गप्प होतो. व्याकरण बहुधा ठीकच असतं.

पुढची पायरी सायकलवरची. खोलीपासून कारखाना पंचवीस मिनिटांवर. त्या वेळात जे दिसेल ते इंग्रजीत सांगायचं. 'पेरूवाला गाडी ढकलतोय. पोलीस चहा पितोय. माझी चेन सैल झाली आहे.' पहिल्या आठवड्यात कळलं की मला 'फोटोसिंथेसिस' म्हणता येतं, पण दाराची कडी, धोतराचा सोगा, सायकलची घोडी यांना काय म्हणायचं ते येत नाही. नऊ वर्षांच्या अभ्यासात मी कधी दार लावलंच नव्हतं! अडलेला शब्द खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचा आणि रात्री शोधायचा. असा आपण होऊन अडून शोधलेला शब्द सहसा विसरत नाही. एकदा चौकात थांबलो असताना शेजारच्या स्कूटरवाल्यानं माझ्याकडं पाहून स्कूटर दोन हात लांब घेतली. घेईना का. पुढं मोबाइल आले आणि रस्त्यावर एकट्यानं बोलणारे सगळेच शहाणे ठरले.

वर्तमानपत्राचाही उपयोग केला, पण जरा उलटा. चहावाल्याकडून आदल्या दिवशीचा इंग्रजी पेपर आणायचा. एकच बातमी मोठ्यानं दोनदा वाचायची. मग पेपर पालथा घालून तीच बातमी भिंतीला सांगायची, आपल्या शब्दांत, मोडकीतोडकी. मग पुन्हा उघडून पाहायचं की आपण कुठं घसरलो. रोज एक बातमी. त्याहून जास्त कधी केलं नाही, म्हणून ते दोन वर्षं टिकलं.

राहता राहिला समोरचा माणूस. मराठी माणसांनी आपसात इंग्रजी बोलायचं ठरवलं की तिसऱ्या वाक्याला हसू फुटतं आणि चौथं मराठीत येतं. तो नाटकीपणा मला कधी जमला नाही. आमच्या स्टोअरमध्ये एक केरळी गृहस्थ होते. त्यांना मराठी येत नव्हतं, मला मल्याळम येत नव्हतं आणि दोघांचंही हिंदी यथातथाच. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं आम्ही इंग्रजीत बोलायचो, कारण दुसरा इलाजच नव्हता. त्यांच्या गावचा पाऊस, माझ्या गावचा दुष्काळ, मुलांची शाळा, घरभाडं. चुका दोघांच्याही व्हायच्या आणि त्या मोजायला कुणी बसलेलं नव्हतं. गरज असली की भाषा येते, ती अशी. पुढं त्यांचं मराठी माझ्या इंग्रजीपेक्षा जास्त सुधारलं, हा भाग वेगळा.

१९९१ च्या जानेवारीत पुन्हा वेळ आली. निर्यातीचा माल वेळेत काढायचा म्हणून एक मशीन रात्रपाळीलाही चालवायचं, असं बैठकीत ठरत होतं. त्या मशीनच्या स्पिंडलचं बेअरिंग सकाळपासून आवाज करत होतं. मी हात वर केला. "सर, वन मिनिट. स्पिंडल बेअरिंग इज मेकिंग साउंड. इफ वी रन नाइट शिफ्ट, इट विल सीझ." एक 'अ' राहिला होता, एक 'द' राहिला होता. कुणीही हसलं नाही. साहेबांनी उलट विचारलं, "हाऊ डू यू नो?" खरी परीक्षा ही होती. पहिलं वाक्य मी मनात घोकलेलं होतं. हे उत्तर घोकलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. चेन सैल झाल्याचं सायकलवर जसं सांगत असे, तसंच आवाज कसा येतो, कधीपासून येतो, हात ठेवला तर काय जाणवतं हे सांगितलं. मशीन थांबलं. बेअरिंग बदललं. कुणी शाबासकी दिली नाही, पगार वाढला नाही. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मला त्या दोन मुलांची आठवण आली.

ही सगळी हकीकत शेजारच्या मुलाला सांगून झाली. तेव्हा तो म्हणाला, "पण काका, आता तो ट्रान्झिस्टर कुठून आणू?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तुझ्या खिशात जे आहे त्यात माझा ट्रान्झिस्टर, टू-इन-वन, शब्दकोश आणि चहावाल्याचा शिळा पेपर, सगळं एकत्र आहे. आम्हाला जे खरखरीतून वेचावं लागलं, ते तुला हवं तेव्हा थांबवून, मागं नेऊन, वेग कमी करून ऐकता येतं. अडचण एकच. त्याच यंत्रात दर मिनिटाला दुसरीकडं ओढणाऱ्या शंभर गोष्टी आहेत. ट्रान्झिस्टर बिचारा एका वेळी एकच बातमी सांगायचा.

तो इंग्रजी मालिका पाहतो, खाली हिंदी शब्दपट्टी लावून. ती बदलायला सांगितली. नेदरलँड्समधल्या होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या दोन संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. डच माणसांना अनोळखी धाटणीचं, स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी ऐकवलं. ज्यांना खाली इंग्रजीच शब्दपट्टी दिली त्यांचा कान त्या बोलण्याला सरावला. ज्यांना डच शब्दपट्टी दिली त्यांना उलट तोटा झाला. कारण उघड आहे. आपल्या भाषेत वाचायला मिळालं की कान सुट्टीवर जातो. म्हणून इंग्रजी बोलण्याखाली इंग्रजीच पट्टी ठेवायची, पाच मिनिटांचा तुकडा घ्यायचा, तो तीनदा पाहायचा आणि तिसऱ्यांदा पट्टी काढून पात्राच्या मागोमाग बोलायचं. दोन तास सिनेमा पाहण्यापेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त कामाची.

आणि रोज रात्री दोन मिनिटं फोनवर आपलं बोलणं टेप करायचं. विषय ठरलेला. आज वॉर्डात काय पाहिलं. कोणाला ताप होता, कोणी जेवलं नाही, कोणाची पट्टी बदलली. पुस्तकातलं 'माय सेल्फ' नको आणि 'माय फेव्हरिट हॉबी'ही नको. उद्या सकाळी ज्या गोष्टी त्याला खरोखर सांगाव्या लागणार, त्याच आज रात्री सांगून पाहायच्या. आता फोनमधली ॲप्सही उलट बोलतात, प्रश्न विचारतात आणि चुकलं तरी हसत नाहीत. लाजाळू मुलाला हे फार बरं. मात्र ती तालीम झाली. नाटक माणसांसमोरच व्हायचं असतं.

तो जायला निघाला आणि मला राहवलं नाही. हकीकतीचा शेवट मी त्याला सांगितला नव्हता, तो सांगितला.

२००४ साली शिवाजीनगरच्या एस.टी. स्थानकावर एका माणसानं मला हाक मारली. तो जुन्नरचा मुलगा होता. आता मुलगा कसला, डोक्यावर केस विरळ झालेले. नारायणगावला त्यानं मोटर रिवाइंडिंगचं दुकान काढलं होतं, दोन माणसं हाताखाली होती. चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. "साहेब, तुम्ही चांगले होता," असं दोनदा म्हणाला. माझ्यासमोर बसलेल्या त्या माणसाला त्या पिनेबद्दल काहीच माहीत नव्हतं. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला मला आता इंग्रजी लागणार नव्हतं. तो मराठी, मी मराठी. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. गाडी लागली, तो गेला.

परतताना मी स्वतःला विचारलं, त्या दिवशी मला खरंच इंग्रजी आडवं आलं होतं का? बैठक संपल्यावर केबिनमध्ये जाऊन मोडक्या हिंदीत सांगता आलं असतं. कागदावर लिहून देता आलं असतं. लिहिता तर मला बिनचूक येत होतं. झिजलेली पिन नुसती टेबलावर नेऊन ठेवली असती तरी ती माझ्यापेक्षा चांगली बोलली असती. इंग्रजी येत नाही ही अडचण खरी होती. पण त्या अडचणीच्या मागं मी भीतीही लपवली होती, आणि ती नंतर शिकलेल्या इंग्रजीनं गेली असं मानून चाललो होतो.

म्हणून त्या मुलाला मी शेवटी एवढंच म्हटलं की, रोजची वीस मिनिटं चुकवू नकोस. पण इंग्रजी येईपर्यंत थांबूही नकोस. उद्या पुन्हा कुणाचा हात सुजलेला दिसला तर मराठीत सांग, हिंदीत सांग, डॉक्टरांची बाही ओढून बोट दाखव. आधी सांग. मग रात्री घरी येऊन तेच इंग्रजीत कसं सांगता आलं असतं ते फोनला सांग. दुसऱ्या वेळी ते इंग्रजीतच येईल.

याला आता आठेक महिने झाले. तो परीक्षेच्या गडबडीतही रात्री गच्चीवर फेऱ्या मारत फोनशी बोलत असतो. खालच्या मजल्यावरच्या एक वहिनी मला विचारून गेल्या, "पोराचं कुठं जुळलंय का हो?" मी म्हटलं, "हो, इंग्रजीशी."

मागच्या महिन्यात त्यानं जिन्यात मला थांबवलं. फेरीच्या वेळी एका पेशंटच्या हाताला सूज दिसली. यानं पुढं होऊन सांगितलं, "सर, बेड नंबर नाइन, हॅन्ड इज स्वेलिंग. सलाईन इज गोइंग आउटसाइड." डॉक्टर थांबले, हात पाहिला, सुई काढायला सांगितली आणि पुढं गेले. 'स्वेलिंग' नव्हे, 'स्वोलन', हे त्याला त्याच रात्री टेप ऐकताना कळलं होतं. मला सांगायची गरज पडली नाही.

क्लासचं नाव त्यानं पुन्हा विचारलेलं नाही.